उस्तादाच्या हातचा दिवा

"...मग तो दिवा मला देणार का न्हाई, चाचा?"

हणमंतानं हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीरचाचा बाकड्यावर बसून जुन्या डायनामोचा कार्बन पॉलिश पेपरवर घासत होते. घासायचे, फुंकर मारायचे, डोळ्याजवळ नेऊन बघायचे. पुन्हा घासायचे.

"कुठला दिवा?"

"तुम्हाला ठावं हाय."

"दुकानात दिवं लई हायती."

हणमंतानं मान वर केली. वर खिळ्याला तो दिवा लोंबत होता. पितळी होल्डर, त्यात गाडीच्या मागच्या लाइटचा एक बल्ब, दोन हात लांब दोन वायरी. एका वायरीला चिमटा, दुसरीला दाभण. चिमटा बॅटरीला लावायचा, दाभण वायरीत टोचायची. वीज पोचली असेल तर बल्ब लागतो. एवढंच ते हत्यार.

पण त्या भागातल्या गाडीच्या वायरिंगवाल्यांत एक रीत होती. चेल्याचा हात पक्का झाला, की उस्ताद आपल्या हातातला दिवा उतरवून त्याला द्यायचा आणि स्वतःसाठी दुसरा बांधायचा. कोरा दिवा चालायचा नाही. उस्तादाच्या हातानं पेटलेलाच हवा. ज्याच्याकडे तो नसेल, त्याचं दुकान कितीही मोठं असो, चार मेस्त्र्यांत बसला की तो जरा कडेलाच बसायचा.

हणमंत शेट्याचं सांगलीत मोठं दुकान होतं. सात माणसं हाताखाली. गाडीला जोडलं की पडद्यावर आकडे दाखवणारं यंत्र होतं. आणि दिवा नव्हता.

"चाचा, माझ्याकडं उमेश म्हणून पोरगा हाय. पाच वर्षं झाली. हात सोन्यासारखा. शुक्रवारी त्याचं स्वतःचं दुकान सुरू व्हतंय."

"चांगलं हाय की."

"त्याला दिवा द्यायला पायजे."

"दे मग."

"मलाच मिळाला न्हाई, मी कसा देऊ?"

चाचांनी कार्बनला फुंकर मारली.

"बाजारात मिळतो. वर प्लास्टिकची मूठबी असती म्हणं."

हणमंत दुकानभर नजर फिरवत राहिला...

भिवघाटाच्या तिकटीवरचं ते पत्र्याचं दुकान अकरा वर्षांत तसूभर बदललं नव्हतं. तोच बॅटरीच्या ॲसिडचा नाकात झोंबणारा वास. तोच वॉर्निश लावून उन्हात वाळत ठेवलेला वायरीचा गुंडाळा. दाराशी डिस्टिल वॉटरचा कॅन, त्यावर उलटा घातलेला स्टीलचा पेला. बाकड्याच्या फळीला ॲसिडनं पडलेलं भोकसुद्धा जागेवर होतं. दुपारी भाकरी खाताना हणमंत त्या भोकात बोट घालून बसायचा आणि चाचा म्हणायचे, काढ बोट, फळी रडती.

आठवीतून शाळा सोडून तो इथं आला, त्या पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, "चाचा, बॅटरी मोठी का अल्टरनेटर?"

चाचा म्हणाले होते, "तूच बघून सांग."

महिनाभर बघून त्यानं सांगितलं, "बॅटरी. तिच्याबिगर सेल्फच फिरत न्हाई. गाडी जागची हालत न्हाई."

"आन पुढं दिवसभर कोण राबतं?"

हणमंत पुन्हा बघायला लागला. ते दिवसच तसे होते. सकाळी गाडीखाली शिरायचं ते संध्याकाळी निघायचं. अंगाला ग्रीस, डोक्यात तो प्रश्न. झोपेतसुद्धा पट्टा फिरताना दिसायचा.

पावसाळा संपता संपता त्यानं उत्तर आणलं.

"अल्टरनेटर मोठा, चाचा. गाडी चालू झाली की इंजनाच्या पट्ट्यावर तोच फिरतो. लाइट, हॉर्न, वायपर सगळं त्याच्यावर. वर बॅटरीनं सुरुवातीला जेवढी खर्चली तेवढी तिला परत भरतो. बॅटरी एकदा जोर लावती आन मग दिवसभर बसून खाती."

चाचा हसले होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

न बोललेल्याचा अर्थ हणमंतानं आपल्या सोयीनं लावला. पोरवयात माणूस तसाच लावतो.

बाहेर जोराचा घरघराट झाला. धुरळ्यातून एक जीप दुकानासमोर येऊन उभी राहिली. गावोगाव माणसं भरून नेणारा वडापवाला सर्जेराव. माणसं खरसुंडीला उतरवून आला होता. गाडी उभी केली, पण इंजन चालूच ठेवलं.

"चाचा, बघा की हो हिला! बंद करायची सोय न्हाई. बंद केली की चार माणसं लागत्यात ढकलायला. काल तर एका म्हातारीनं खाली उतरून ढकलली आन मलाच म्हणती, माझं भाडं सोड."

"बॅटरी?"

"दिवाळीत नवी घातली. ही तिसरी."

"अल्टरनेटर?"

"मागल्या महिन्यात बदलला. आता निस्ता डायवर बदलायचा राहिलाय."

चाचांनी हणमंताकडे नुसतं बघितलं.

तेवढंच हवं होतं. हणमंतानं आपल्या गाडीतून काळी पेटी आणली. आत मऊ कापडात ठेवलेला मीटर. सर्जेराव डोळे मोठे करून बघायला लागला.

"पावणं डॉक्टर हायती काय?"

"सांगलीला असतो मी. वायरिंगचंच बघतो."

"आसं व्हय. मग तपासा सांगलीकर. जीभ काढायला सांगू का हिला?"

हणमंतानं हसू दाबून मीटरच्या दोन वायरी बॅटरीला लावल्या. अकरा आणि वर थोडं. सर्जेरावाला रेस द्यायला लावली. अकराच. काटा हलेना. चालत्या गाडीत तो चौदापर्यंत चढायला हवा. म्हणजे अल्टरनेटर बॅटरीला काहीच देत नव्हता. सगळी गाडी एकट्या बॅटरीवर चालली होती आणि ती संध्याकाळपर्यंत रिकामी होत होती.

"अल्टरनेटर गेलाय."

"अहो, नवा हाय तो!"

"नवाबी खराब निघतो. बदलून टाका."

"बघा नीट. आमच्याकडचा मेस्त्री म्हणतो, इंजन चालू असताना बॅटरीची एक वायर उपटायची. गाडी चालू ऱ्हायली तर अल्टरनेटर चांगला. बघा की उपटून."

हणमंताचा हात बॅटरीजवळ होता. तो तिथंच थांबला.

अकरा वर्षांपूर्वी तो हात थांबला नव्हता.

असंच दुपारचं ऊन. एका डॉक्टरांची नवी गाडी चार्जिंग बघायला आली होती. चाचा नमाजाला गेले होते. अल्टरनेटरच्या आधीचा डायनामो असलेल्या जुन्या जिपांवर खुद्द चाचांनाच त्यानं कितीदा तसं करताना बघितलं होतं. जीप चालू, वायर उपटली, जीप चालूच, झाली परीक्षा. शिवाय बॅटरी बसून खाणारी, हे तर ठरलेलंच होतं. मग ती काढली तर काय बिघडतंय? डॉक्टरांना चमत्कार दाखवावा म्हणून त्यानं रेस द्यायला लावली आणि वायर उपटली.

अल्टरनेटरचा सगळा जोर पोटात घ्यायला बॅटरी राहिली नाही.

गाडीचे सगळे दिवे एकदम पांढरे झाले. लग्नाच्या मांडवात असतात तसे. आणि विझले. स्टेअरिंगखालून धूर आला.

चाचा परत आले. धूर बघितला, हणमंताच्या हातातली वायर बघितली. डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, माझ्या दुकानातनं चूक झाली. दोन दिवसांत गाडी नवी करून देतो."

हणमंताला एक शब्द बोलले नाहीत.

शिवी दिली असती तर तो राहिला असता. ते न बोलणं त्याला पेललं नाही. दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेलाच नाही. सांगलीची गाडी पकडली...

"काय झालं सांगलीकर? चटका बसला काय?" सर्जेरावानं विचारलं.

"वायर उपटायची न्हाई," हणमंत म्हणाला. "कवाच न्हाई. त्या मेस्त्रीलाबी सांगा."

बाकड्यावर पॉलिश पेपरचा आवाज थांबला होता.

चाचा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. खिळ्यावरचा दिवा काढला. जीपजवळ आले आणि सर्जेरावाला म्हणाले, "चावी फिरवली की समोर तांबडा दिवा लागतो का रं? बॅटरीचं चित्र असलेला?"

"न्हाई लागत. कसा लागंल? त्यो मीच काढला."

"का?"

"गाडी सुरू करायला गेलं की तांबडा लाल! माणसं विचारत्यात, काय बिघडलंय का? सकाळी सकाळी अपशकुन. आन चालू झाली की विझूनच जातो, म्हंजे कामाचा न्हाईच. तेवढा बल्ब काढला आन नाथाच्या फोटूला लावला. बघा, कसा झळकतोय!"

काचेखाली खरसुंडीच्या सिद्धनाथाचा फोटो होता. वर झेंडूची सुकलेली माळ आणि तिच्या आड तो शेंगदाण्याएवढा बल्ब.

हणमंतानं बल्बाकडे बघितलं. मग हातातल्या मीटरकडे. एकाएकी त्याचे कान तापले.

चाचा इंजनावर वाकले. दिव्याचा चिमटा बॅटरीला लावला. डोळ्यांना आता बारीक दिसत नव्हतं, म्हणून अल्टरनेटरच्या मागं बोटांनीच चाचपून ती एक बारीक वायर शोधली. तिला दाभण टेकवली.

दिवा लागला.

"रेस दे."

सर्जेरावानं पाय दाबला. दिवा मंद झाला... आणखी मंद... तार नुसती तांबूस उरली आणि विझली.

"गेला बल्ब," सर्जेराव म्हणाला.

"मीटर बघ," चाचा हणमंताला म्हणाले.

बारा. साडेबारा. तेरा. काटा हणमंताच्या डोळ्यांदेखत चढत होता. चौदाला किंचित कमी, तिथं थांबला. अल्टरनेटर जागा झाला होता. बॅटरीला भरत होता, गाडीला चालवत होता.

चाचांनी दाभण काढली. दिवा बाजूला घेतला.

काटा चौदालाच राहिला.

"आत्ता गं बया!" सर्जेराव म्हणाला. "चाचा, मंतर मारला काय? त्यो सांगलीकर अल्टरनेटर बदला म्हणत हुता!"

"अल्टरनेटर चांगला हाय. त्याला कुणी उठवत नव्हतं. त्या तांबड्या दिव्यातनं बॅटरीची घोटभर वीज त्याला मिळती, तवा तो उठतो. मग त्याचं तो बघतो. तुझा तो बल्ब परत जाग्यावर लाव."

"नाथाचा?" सर्जेराव दोन पावलं मागं सरला. "चाचा, गाडी ढकलत नेईन, पर देवाचा दिवा काढायचा न्हाई. वाहिलेली वस्तू हाय ती."

"दुसरा हाय का एवढा बल्ब?" चाचांनी हणमंताला विचारलं.

हणमंतानं पेटी उचकटली. पेटीत सगळं होतं. एवढा बल्ब नव्हता.

चाचांनी क्षणभर हातातल्या दिव्याकडे बघितलं. मग तो हणमंतापुढं धरला.

"हा बसव. स्टेअरिंगखाली बांधून टाक. एक वायर चावीच्या मागं, दुसरी अल्टरनेटरला."

"चाचा... हा दिवा?"

"बांधलेला दुसरा हाय का?"

"पर चाचा, म्या ह्याच्यासाठीच..."

"गाडी उभी हाय हणमंता. वडापचा धंदा हाय त्याचा."

हणमंत जीपमध्ये उताणा पडला. किती वर्षांनी तो असा गाडीखाली, स्टेअरिंगखाली शिरला होता. सांगलीत आता माणसं शिरायची, तो काचेच्या खोलीतून सांगायचा. वरून धूळ डोळ्यांत पडत होती. त्यानं दाभण तोडली, चिमटा काढला, वायरी सोलल्या. पितळी होल्डर तळहातात जड लागला. चाळीस वर्षं चाचांच्या बोटांनी घासून तो सोन्यासारखा गुळगुळीत झाला होता. अकरा वर्षं ज्यासाठी तळमळला, तो आज पहिल्यांदा त्याच्या हातात होता, आणि तो आपल्याच हातानं एका वडापच्या जीपला बांधत होता.

त्यानं गाठ मारली. पक्की.

जीप बंद करून पुन्हा सुरू करायची होती. रिकाम्या बॅटरीनं सेल्फ फिरेना, म्हणून चाचांनी बाकड्याखालची भरलेली बॅटरी जोडून दिली. सर्जेरावानं चावी फिरवली. दिवा लागला. इंजन सुरू झालं. दिवा विझला.

"आता लाल दिसला की भिऊ नगं," चाचा म्हणाले. "इंजन चालू असताना लागला, तर भी."

सर्जेराव जीपला आणि नाथाला एकदमच हात जोडून निघून गेला.

धुरळा बसला. तिकटीवर वारा तेवढा वाहत होता. भिंतीवर रिकामा खिळा होता.

"दिवा गेला, चाचा."

"गेला न्हाई. कामाला लागला."

दोघं बाकड्यावर बसले. चाचांनी पायानं पत्र्याचा एक डबा हणमंताकडे ढकलला.

"त्यात होल्डर हाय. वायर, बल्ब, चिमटा, दाभण हाय. मला एक दिवा बांधून दे."

"मी?"

"मला बारीक दिसत न्हाई. आन दिव्याबिगर माझं दुकान कसं चालंल?"

हणमंतानं डबा उघडला. वायर दातांनी सोलली. सांगलीत त्यानं माणसांना दात लावायची बंदी केली होती, पण इथं बसल्यावर हात आपोआप तोंडाकडे गेला. तांब्याची ती जुनी चव. तारा पिळल्या. होल्डरमध्ये चाचांची गाठ मारली, दोन फेरे आणि एक उलटा. बोटं विसरली नव्हती.

मान खाली घालूनच तो म्हणाला, "चाचा... डॉक्टरांची गाडी."

"नीट झाली. दोन दिवस लागलं."

"वायर म्या उपटली हुती. तुम्ही आपल्यावर घेतलंत."

"वायर उपटायची कुणाची बघून शिकलास?"

हणमंतानं चाचांकडे बघितलं.

"डायनामोला चालायचं ते," चाचा म्हणाले. "नवी गाडी आली, आन मी सांगायचं विसरलो. तुला काय बोलायचं, तेच मला रातीपतुर सुचंना. सकाळी सुचलं. दुकान लवकर उघडलं."

"मग?"

"तू आलाच न्हाईस. दुसऱ्या दिवशीबी लवकर उघडलं. तिसऱ्याबी."

हणमंतानं बल्ब बसवला. तो नीट बसायला बराच वेळ लागला, कारण त्याला दिसत नव्हतं. चाचांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते पुन्हा कार्बन घासायला लागले.

तेवढ्यात डाळिंबाच्या क्रेटनं भरलेला एक ट्रॅक्टर येऊन थांबला. मागचा लाइट लागत नव्हता. हणमंत उठायला गेला, तर चाचांनी हात पुढं केला.

"आण तो दिवा."

नवा दिवा घेऊन चाचा ट्रॅक्टरमागं वाकले. चिमटा बॅटरीला लावला. वायरीवरून बोटं फिरवत गेले, जागोजागी दाभण टोचत. लागला. लागला. लागला. लागला नाही. तिथं वायर तुटली होती. जोडली. ट्रॅक्टर गेला.

चाचांनी दिव्याच्या वायरी मुठीभोवती गुंडाळल्या, अगदी सावकाश, एकावर एक. दिवा खिळ्याला लावायला हात वर नेला...

नेला आणि खाली घेतला. हणमंताच्या शर्टाच्या खिशात दिवा ठेवला आणि खिशावर थोपटलं.

"शुक्रवारी पोराला दे. त्याच्या आधी चार दिवस तू वापर. काचेच्या खोलीतनं खाली उतरून."

हणमंतानं खिशावर हात ठेवला. चाचांनी तो पत्र्याचा डबा पुन्हा पायानं त्याच्याकडे ढकलला.

"होल्डर अजून एक हाय. आता माझा बांध."

हणमंत रडता रडता हसला. "हाबी म्याच बांधला, तोबी म्याच बांधायचा. मग चाचा, तुम्ही मला दिलं काय?"

चाचांनी कार्बन डोळ्याजवळ नेला. फुंकर मारली. रस्त्याकडे बघत राहिले...

"तुझं एक उत्तर ऱ्हायलंय," ते म्हणाले. "बॅटरी मोठी का अल्टरनेटर?"